दहा पळाले, एक थांबला



इंग्रजी भाषा आज जगभर चालते. पण तिचे हजार वर्षांपूर्वीचे रूप आजच्या इंग्रज माणसालाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही. त्या जुन्या इंग्रजीतले प्रसिद्ध वीरकाव्य म्हणजे ‘बेओवुल्फ’. ओळी ३१८२. कवी अज्ञात. इ.स. १००० च्या सुमारास लिहिलेली एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. १७३१ च्या आगीत तिच्या कडा करपल्या. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

कथा मात्र इंग्लंडची नाही. डेन्मार्कच्या ह्रोथगार राजाच्या सभागृहात ग्रेंडेल नावाचा नरभक्षक बारा वर्षे माणसे मारीत होता. आजच्या दक्षिण स्वीडनमधून तरुण बेओवुल्फ १४ सोबती घेऊन मदतीला आला. ग्रेंडेल शस्त्र वापरीत नाही, म्हणून यानेही तलवार बाजूला ठेवली आणि नुसत्या हातांनी त्याला संपवले.

त्या समाजात चांगला राजा कोणाला म्हणत? जो वाटतो त्याला! राजाला ‘कडी वाटणारा’ असेच म्हणत. त्याने सोन्याची कडी, तलवारी, घोडे द्यायचे. शिपायाने रणात साथ द्यायची. आपल्याकडे याला खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात.

पुढे बेओवुल्फ स्वतः राजा झाला. ५० वर्षांनी एका अग्निसर्पाने त्याचा मुलूख जाळला. हा सर्प खजिन्यावर नुसता बसून होता. कोणाला देत नव्हता, स्वतः वापरीत नव्हता. त्याचा एक पेला चोरीला गेला, एवढेच निमित्त! म्हातारा राजा ११ सोबत्यांसह निघाला. ज्वाला उसळताच दहा जण रानात पळाले. थांबला फक्त विग्लाफ. वयाने लहान, राजासोबतची पहिलीच लढाई. त्याची ढाल जळाली, तेव्हा तो राजाच्या लोखंडी ढालीआड शिरून लढला. सर्प मेला, पण विष भिनून राजाही गेला. विग्लाफने त्या दहांना सुनावले, की अंगावरची चिलखते कोणी दिली होती ते आठवा!

पण या शौर्याला दुसरी बाजूही आहे. सूडाला तिथे कर्तव्य मानीत. याच काव्यातल्या हिल्डेबुर्ह राणीला सूडाच्या भांडणात भाऊ आणि मुलगा एकाच चितेवर ठेवावे लागले. आणि जिवाची किंमतही सारखी नव्हती. इंग्लंडच्या वेसेक्स राज्यात सामान्य शेतकऱ्याच्या खुनाची भरपाई २०० शिलिंग, तर उमरावाची १२०० शिलिंग होती.

राजा आणि ११ सोबती मिळून बारा झाले. तेरावा होता पेला चोरणारा. मालकाचा मार चुकवून पळालेला तो माणूस सर्पाच्या गुहेत शिरला होता. मालकाचा राग शांत व्हावा म्हणून त्याने तो पेला नेऊन दिला. पुढे वाट त्यालाच ठाऊक, म्हणून त्याला मनाविरुद्ध पुढे घालून नेले.

ही गोष्ट घरातील मुलांना जरूर सांगा. विग्लाफसारखे थांबायला शिकवा. आणि शेवटी विचारा, त्या तेराव्या माणसाचे नाव काय? काव्यात ते कुठेच नाही.