जीव वाचला, पुढे काय?

कर्करोगातून वाचलेल्या मुलांची गणती करताना आपली आरोग्यव्यवस्था एका प्रश्नाला बगल देत आली आहे. वाचलेले मूल पुढे स्वतःच्या पायांवर उभे कसे राहणार, हा तो प्रश्न होय. ‘पायांवर उभे राहणे’ हे शब्द येथे आम्ही अक्षरशः योजीत आहोत.

मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी औषधाच्या साहाय्याने या रोगाला प्रथमच काही काळ मागे रेटले. ते औषध पुरविणाऱ्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे नेतृत्व भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते. आज प्रगत देशांत या रोगाची दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. परंतु या यशाची किंमत काहींना हाडांनी मोजावी लागते. डेक्सामेथासोन व प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडे रोगपेशींना मारतात, तशीच हाडांच्या रक्तपुरवठ्यातही बाध आणतात. मांडीच्या हाडाचा खुब्यात बसणारा माथा मृत होतो, कधी खचतो. दहा वर्षांवरील मुलामुलींना हा धोका अधिक. मात्र म्हणून ही औषधे पालकांनी परस्पर बंद करणे जिवावर बेतेल.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. एक्स-रेत उशिरा दिसणारा बिघाड एमआरआयमध्ये लवकर दिसतो. वेळीच कळल्यास सांध्यावरील भार कमी करता येतो, व्यायामोपचार सुरू करता येतात. झोलेड्रोनिक आम्लासारखी औषधे हाडांची घनता वाढवितात. ती सांधा खचणे थांबवितातच, असे मात्र सिद्ध झालेले नाही. अखेरीस उरतो तो कृत्रिम सांधा, आणि विशीत बसविलेला सांधा पुढे बदलावा लागण्याचा संभव मोठा. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. उपचाराच्या एका टप्प्यात डेक्सामेथासोन सलग तीन आठवडे न देता मधला आठवडा वगळून दिल्यास दहा वर्षांवरील मुलांत अस्थिनाश कमी होतो, असे त्यांत दिसून आले. या सुधारणेला जादा पैसा लागत नाही. लागते ती शिस्तबद्ध देखरेख.

नेमकी तीच आपल्याकडे दुर्मीळ आहे. ठरावीक उपचाराला ठरावीक रक्कम, अशी विमायोजनांची मांडणी असते. केमोथेरपी संपली की हिशेब मिटतो. खुबा दुखू लागतो तो कधी त्यानंतर. तेव्हाचा प्रवास, तपासण्या व बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावर पडतो. सुखवस्तू घरातील मुलगा बैठे काम शोधील. ऊसतोड कामगाराच्या मुलाला शरीर हेच भांडवल. एकच व्याधी दोन वर्गांत दोन वेगळी आयुष्ये घडविते, ती अशी. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले तरी २०१६ च्या कायद्याखालील आरक्षणासाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. त्याखालच्या लंगडण्याला आरक्षण नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. बालकर्करोगाच्या उपचारात पुढील अनेक वर्षांची तपासणी अंगभूत धरावी. जिल्हा रुग्णालयांत या मुलांना एमआरआय व व्यायामोपचार विनामूल्य मिळावेत. सांधाबदलाचा खर्च शासनाने उचलावा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते; ते पाळले गेले नाही, याचा जाब विचारला पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात अशी मुले शोधावीत, त्यांच्या पालकांना बोलते करावे. मरणाच्या दारातून परत आलेल्या मुलाला दारिद्र्याच्या दारात सोडून देणाऱ्या व्यवस्थेला कल्याणकारी म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.