मसुराएवढा मेंदू

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी माझ्यापाशी आली. ‘‘बाई, प्रयोगशाळेत मेंदू वाढवतात ना? मग आमच्या आजोबांना एक मिळेल?’’

तिचे आजोबा इथल्याच गिरणीत साचेखात्यात होते. तुटलेला धागा डोळे मिटून जोडायचे म्हणे! आता कंपवाताने हात थरथरतात, बशीतला चहा लेंग्यावर सांडतो.

मेंदू वाढवतात कशापासून? मूलपेशींपासून. मूलपेशी म्हणजे कणकेचा गोळा समजा. त्याची पोळी करा, पुरी करा. तशी मूलपेशी रक्ताची होईल, हृदयाची होईल नाहीतर मेंदूची. लोअर परळहून चालत जाता येईल अशा परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही अशा मानवी मूलपेशी वाढवल्या गेल्या. २००९ साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली.

पण तळलेल्या पुरीचा परत गोळा होईल का? नाही ना? जपानच्या शिन्या यामानाकांनी मात्र २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशींना पुन्हा ‘गोळा’ करून दाखवलं! २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं.

मग २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलीन लँकेस्टर आणि युर्गेन नोब्लिख यांनी मूलपेशींपासून मेंदूसारखी गोळी वाढवली. केवढी? मसुराच्या दाण्याएवढी, चारेक मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, आत प्राणवायू पोचत नाही, म्हणून ती मोठी होत नाही. मग उपयोग काय? अहो, जिवंत माणसाचा मेंदू कापून थोडाच बघता येतो! झिका विषाणू बाळाच्या वाढत्या मेंदूवर कसा हल्ला करतो, ते २०१६ साली अशाच गोळ्यांमुळे कळलं.

आजोबांचं काय? नवा मेंदू नाही मिळणार. कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. तेवढ्याच पेशी बसवून पाहण्याची चाचणी क्योटो विद्यापीठात २०१८ साली सुरू झाली. सात रुग्णांचे निकाल २०२५ मध्ये आले, काहींच्या हालचाली सुधारल्या.

आता पालकांसाठी. या मुलीच्या बाबांना कुणीतरी ‘स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, खडखडीत बरे होतील’ असं सांगितलं होतं. ते गावची जमीन विकायला निघाले होते! आपल्याकडे २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांखेरीज असे उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात. तेही रुग्णाकडून पैसे न घेता.

जमीन राहिली. आजोबांसाठी दोन कानांचा जड कप आणलाय. ते म्हणतात, बशीची मजा नाही.