पँथर शेतमजुरांचा होता

दलित पँथरचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य कानावर येतं: मुंबईतल्या काही शिकलेल्या पोरांनी १९७२ साली अमेरिकेतल्या शहरी काळ्या तरुणांची नक्कल केली. सेमिनारमध्ये हे मान डोलावून ऐकलं जातं. पीएचडीच्या फील्डवर्कसाठी मी सध्या अलाबामातल्या लाउन्डस काउंटीत राहायला आलेय. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, फक्त हा अगदीच लहान आणि खेडवळ. इथला इतिहास समजल्यावर ते वाक्य मुकाट ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

सेल्मा आणि माँटगोमेरीच्या मधला हा कापसाचा मुलूख. १९६५ च्या सुरुवातीला इथले जवळपास ८० टक्के लोक काळे होते आणि मतदारयादीत काळं नाव एकही नव्हतं. एकही! नाव नोंदवणाऱ्या वाटेकऱ्यांना जमीनमालकांनी राहत्या घरांतून हुसकलं. ती कुटुंबं हायवे ८० च्या कडेला तंबू ठोकून राहिली. तंबूंवर गोळीबार झाला, तरी हटली नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या जोनाथन डॅनियल्स या गोऱ्या विद्यार्थ्याला हेनव्हिल गावात भरदिवसा गोळी घातली गेली. मारणारा सगळ्या गोऱ्या ज्युरीपुढे निर्दोष सुटला. असे निकाल आपल्याला काही नवे नाहीत.

या लोकांनी मग स्वतःचा पक्ष काढला, लाउन्डस काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. अनेकांना वाचता येत नसल्याने मतपत्रिकेवर चिन्ह लागायचं. अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि कित्येक वर्षं त्याच्या जोडीला 'व्हाइट सुप्रीमसी' हे शब्द. यांनी घेतला काळा पँथर. ओकलंडच्या ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ च्या ऑक्टोबरात तो इथूनच उचलला. काळी जॅकेटं नंतरची. आधी होती निरक्षर शेतमजुराला ओळखता येईल अशी एक निशाणी. नोव्हेंबरात पक्ष सगळ्या जागा हरला. १९७० मध्ये मात्र संस्थापकांपैकी जॉन ह्यूलेट काउंटीचे शेरीफ झाले.

आता नक्कलेचं बोलू. सवर्ण विद्वानाने मिल वाचला, मार्क्स वाचला, तर तो 'वैचारिक प्रभाव'. आमच्या पोरांनी एक नाव घेतलं तर नक्कल! आणि मुंबईत पँथर उभी राहिली ती तरी कशावरून? इंदापूर तालुक्यात बावड्याला दलितांवर बहिष्कार पडला होता. परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावात दलित बायांची विटंबना झाली होती. खेड्यातल्या रागातून जन्मलेल्या संघटनेने खेड्यातूनच निघालेलं नाव घेतलं, हे आपल्याही किती जणांना माहीत आहे? आपण पोस्टरवर ओकलंडच्या मुठी छापतो.

लाउन्डसमध्ये सगळं बरं झालं असं नाही. इथल्या चिकणमातीत सेप्टिक टाक्या चालत नाहीत. कित्येक गरीब काळ्या घरांचं मैलापाणी पाइपातून थेट मागच्या अंगणात पडतं. त्यावर २०२३ मध्ये झालेला सरकारी समझोता २०२५ मध्ये वॉशिंग्टनने मोडला. पण हायवेच्या कडेला, तंबू होते त्या जागी, आज संग्रहालय आहे आणि तिथे त्या कुटुंबांची कहाणी सांगितली जाते.

बावड्यात कुणाची मजुरी तुटली, कुणाला दुकानदाराने मीठमिरची नाकारली, त्या काळात कोण कुणाच्या आधाराने जगलं, हे घरोघर बसून लिहून घ्यायचं काम एम.ए., पीएचडी झालेल्या आपल्यावाचून कोण करणार? तेव्हा विशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेलीत.