हरकत जमिनीच्या वापराला घ्या, माणसाला नको



झोपडीतून, चाळीतून निघून घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सदनिकेत नुकत्याच स्थिरावलेल्या कुटुंबांसाठी हे लिहीत आहे. तुमच्या संस्थेत केव्हातरी एक कागद सह्यांसाठी फिरेल. शेजारच्या भूखंडाचा वापर बदलणार आहे, अथवा मोठ्या भूखंडाचे तुकडे पाडून तेथे लहान घरे बांधली जाणार आहेत, त्यास आमची हरकत आहे, असा त्याचा आशय असेल. सही करण्यापूर्वी तो कागद शेवटपर्यंत वाचा.

हरकत घेणे हा हक्क आहे, याचना नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे मंजूर विकास योजनेत फेरबदल करावयाचा झाल्यास सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या आत हरकती मागवाव्या लागतात. हा महिना आपले लोक पुढाऱ्यांच्या दारी घालवितात! तोंडी तक्रारीला येथे कवडीचे मोल नाही. लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुलांच्या खेळाची खुली जागा इमारतीच्या गच्चीसारख्या चौथऱ्यावर नव्हे, जमिनीवरच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात बजावले. अशी कारणे खुशाल मांडा.

परंतु दुसऱ्या जातीचीही कारणे असतात. मुलुंडच्या एका संस्थेचे चार सभासद असाच मसुदा घेऊन माझ्याकडे आले. विस्थापितांच्या घरांसाठी शेजारच्या भूखंडाचा वापर बदलण्यास त्यांची हरकत होती. पहिली तीन कारणे रास्त होती : पाण्याचा दाब, मलनिःसारण वाहिनी, शाळेतील जागा. चौथे कारण असे, की ‘तसल्या’ वस्तीमुळे परिसराचा दर्जा व सदनिकांच्या किमती घसरतील. चौघांपैकी एकजण आपलाच; त्याचे वडील घाटकोपरच्या झोपडीत वाढलेले. मी त्यास विचारले, “तसली म्हणजे कसली?” तो इतरांकडे पाहू लागला.

हे चौथे कारण आपण ओळखीत नाही काय? महारवाडा गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांचे कारण हेच होते. तेथे विटाळ म्हणत, येथे दर्जा म्हणतात. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क नागरिकास दिला. ‘शेजाऱ्यांच्या किमती घसरत नसतील तर’ अशी पुस्ती त्यास जोडलेली नाही.

अमेरिकेत हे सारे होऊन गेले आहे. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या गल्लीत कृष्णवर्णीयांनी राहावयास जाऊ नये, असा लुईव्हिल शहराचा नियम होता. तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला. पुढे अनेक उपनगरांत वर्णाचे नाव न घेता भूखंडाचे किमान क्षेत्रफळच मोठे ठरविण्यात आले. त्याहून लहान तुकडा पाडावयाचा नाही, म्हणजे गरिबास तेथे घर घेताच येऊ नये. नियमात वर्णाचा एक शब्द नाही आणि काम मात्र चोख!

याचा अर्थ सरकार करील ते निमूट सोसावे, असा नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप व मुलुंड येथील २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावीतील अपात्र ठरलेल्यांच्या भाड्याच्या घरांसाठी घेण्याचे ठरविले. मुलुंडकरांनी विरोध केला. मिठागरे ही भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेणारी सखल जमीन. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस ज्यांनी पाहिला त्यांना या जमिनीचे मोल सांगावयास नको. येथवर विरोध योग्यच. पण धारावीकरास धारावीतच घर द्या, ही मागणी त्यात नसेल तर तो अर्धाच राहतो. ‘आमच्याकडे नको’ एवढेच म्हणणाऱ्यास तो माणूस पुढे कोठे बुडतो, याची फिकीर नसते.

मी चौथे कारण खोडले आणि त्या जागी लिहिले, की विस्थापितांना याच विभागात, पण पाणी व शाळा यांची तरतूद आधी करून घरे द्यावीत. दोघांनी सह्या केल्या. तिसरे गृहस्थ म्हणाले, खोडलेला मजकूर परत घालणार असाल तरच. आपल्या बांधवाने सही केली नाही, नकारही दिला नाही. कागद घरी नेतो, वडिलांना वाचून दाखवितो, एवढेच म्हणाला. मुदतीचे तेव्हा अकरा दिवस उरले होते.