ऊन, वांग आणि मेडिकलमधली ट्यूब

आमच्या बेंबळीत ऊन हा काही नवा विषय नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. तेव्हा रानात निघालेल्या बाईला कुणी 'ऊन टाळ बाई' असा सल्ला दिला, तर ती हसूनच पुढे जाईल. तरीही आज उन्हावरच लिहायचं ठरवलं, कारण बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की हल्ली हमखास चेहऱ्याचा विषय निघतो. कुणाच्या गालावर वांग आलंय, कुणाची सून 'काळवंडली' म्हणून घरात बोलणी खातेय, कुणाच्या लेकीला बघायला पाहुणे यायचेत. आणि दर दोघी-तिघींमागे एकीच्या पिशवीत एक ट्यूब असतेच.

आधी उन्हाबद्दल. अंगाला चटका बसतो ती उष्णता वेगळी आणि कातडी रापवणारे, सुरकुत्या आणि डाग पाडणारे अतिनील किरण वेगळे. हे किरण दिसत नाहीत, जाणवतही नाहीत. पातळ ढगांतून ते बरेचसे खाली येतात. आपल्या भागात मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो. मे मध्ये आपण सावध असतो. जुलैत आभाळ भरलेलं, हवा गार, म्हणून डोक्यावरचं फडकं बांधावर पडून राहतं आणि सोयाबीनची खुरपणी नेमकी तेव्हाच चालू असते. घड्याळ नसलं तरी एक खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ते ऊन कातडीला बाधणारं समजायचं.

यावर पहिला उपाय आपल्याच बायांनी कधीचा शोधून ठेवलाय. साडीवर मालकाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला, गालांना घट्ट गुंडाळलेलं फडकं. शहरातल्या मुली स्कूटीवर स्कार्फ बांधतात, तेच हे. फक्त कापड नीट निवडा. उजेडासमोर धरलं आणि आरपार उजेड दिसला, तर ऊनही आरपार जाणार. जुनी विरलेली ओढणी किंवा नायलॉनच्या साडीचा पदर फारसा उपयोगाचा नाही. दाट विणीचं सुती, गडद रंगाचं कापड चांगलं. घामाने भिजलेलं पातळ कापड तर आणखी कमी अडवतं.

आता वांग. ते 'पोटातल्या उष्णतेने' येतं असं म्हणतात, पण गरोदरपण, काही जणींना गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातला कल आणि त्यावर ऊन, असं ते जमून येतं. कातडीतलं रंगद्रव्य एका जागी साठतं. त्यात त्या बाईचा काही दोष नसतो, रोगही लागट नसतो. ऊन अडवलं तर ते हळूहळू, महिन्यांच्या हिशोबाने फिकं होतं. एवढा धीर धरवत नाही म्हणूनच ट्यूब येते.

मला खरी भीती या ट्यूबची वाटते. मेडिकलमध्ये 'डागावरचं द्या' म्हटलं की जे हातात पडतं, त्यावर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं लिहिलेलं आहे का ते बघा. ही स्टिरॉइडं आहेत. इसब-खरजेच्या काही दुखण्यांत डॉक्टर ती मोजून देतात. चेहऱ्यावर रोज चोळली की पहिले पंधरा दिवस गाल उजळतो, सगळ्या विचारतात काय लावतेस म्हणून. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम आणि लव येते. थांबवलं की चेहऱ्याची आग होते, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. मग सकाळचं कोवळं ऊनसुद्धा सोसत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केला. नियम कागदावर आणि ट्यूब काउंटरवर, हे चित्र आपल्याला बघायला मिळतंच. दुकानदाराला चिठ्ठीबद्दल विचारायचं काम आता गटांनी अंगावर घ्यायला हवं.

बिननावाच्या डब्या तर याहून वाईट. २०२३ च्या जानेवारीत अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातली आई आणि दोन मुली, तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासण्या झाल्या, तेव्हा तिघी लावत असलेल्या, पार्लरमधून आणलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीला रंग धरू देत नाही, म्हणून चेहरा गोरा दिसतो, आणि तो अंगात भिनून मूत्रपिंडापर्यंत जातो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये १० लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा असू नये, असा आपल्याकडे नियम आहे. ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि घटकांची यादी नाही, ती घरात आणूच नका, मग पार्लरवाली कितीही ओळखीची असो. गोरेपणाची हौस अशी की 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून २०२० मध्ये 'फेअर' हा शब्द गेला, तरी दुकानात तो आपल्याच तोंडी आहे.

लिंबू चोळून उन्हात जाण्याचा घरगुती उपायही सोडा. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की काहींची कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. दही-बेसन लावायला हरकत नाही, पण त्याने ऊन अडत नाही.

खुरपणाऱ्या बायांसाठी आणखी एक. पापण्या, मान, कोपराच्या आतली बाजू खाजून जाड होत असेल, तर ते नुसतं 'ऊन लागलेलं' नसावं. गाजरगवताची अ‍ॅलर्जी अशीच दिसते आणि उन्हात वाढते. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेलं हे गवत आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. ते उघड्या हाताने उपटू नका आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवताना रानात काय काम करता तेही सांगा.

सनस्क्रीनचं काय, असं मुली विचारतात. चांगली वस्तू आहे. एसपीएफ ३० पुरे. पण चेहरा आणि मानेला दोन बोटांवर ओढलेल्या रेघांइतकं, म्हणजे साधारण एक ग्रॅम लागतं आणि उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. दिवसातून दोनदा म्हटलं, तरी ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत नाही. मजुरीवर जाणाऱ्या बाईला हा खर्च मी सुचवणार नाही. वांग असलेलीने, परवडत असेल तर, फडक्याच्या जोडीला जरूर लावावं.

तिच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट वेळेची आहे. उन्हाळ्यात काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवायचं आणि उरलेलं चारनंतर, हे शेतमालकाशी एकटीने बोलून जमत नाही. दहा जणी मिळून बोलल्या तर जमतं. पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशोबाआधी हाच विषय घ्यायचा, असं आमच्या गटात ठरलंय.