गाळ कोणी काढायचा?

नरकचतुर्दशीच्या पहाटे, फराळाला हात लावण्याआधी, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा, अशी आपली रीत आहे. खुसखुशीत लिहिणारे या अंकात पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला कारीट आले आहे, असे वाचकांनी समजावे.

विषय आहे गणित छापण्याचा. एवढे वाचून पान उलटू नका. मी गणिती नाही. कादंबऱ्या लिहिणारा आणि पोटासाठी शाळेत शिकवणारा माणूस आहे. परंतु ही कथा मुळात गणिताची नाहीच. दहाजणांनी मिळून राखलेल्या एका विहिरीची ती कथा आहे. त्या विहिरीवर पाणी कोण भरतो आणि गाळ कोण काढतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

गणिताचा मजकूर साध्या मजकुरासारखा एका रांगेत चालत नाही. अपूर्णांकात एक संख्या दुसरीच्या डोक्यावर बसते, घातांक खांद्यावर चढतो, वर्गमुळाचे चिन्ह आतल्या राशींवर छपरासारखे पसरते. शिशाचे खिळे होते तेव्हा हे सारे हाताने बसवणारा कंपोझिटर हा मोठा कारागीर असे. पुढे शिसे मागे पडले आणि फोटोवरून जुळणी करणारी यंत्रे आली. काम स्वस्त झाले आणि पान कुरूप झाले.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड क्नूथ नावाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याच्या कलेवर त्यांचा मोठा ग्रंथ खंडाखंडाने निघत होता. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७च्या मार्चअखेर त्यांच्या हाती आली. पहिली आवृत्ती देखणी होती; ही पाहवेना. तुमच्या-माझ्यासारख्याने प्रकाशकाला एक खरमरीत पत्र लिहिले असते आणि चार मित्रांपाशी कुरकुर केली असती. क्नूथ यांनी हातातले लेखन बाजूला ठेवले आणि पाने जुळवणारी आज्ञावलीच लिहावयास घेतली. वर्षभरात उरकेल असे वाटलेले काम दहा वर्षांहून अधिक चालले. तिचे नाव ‘टेक’. शेवटचे अक्षर ग्रीक आहे, त्याचा उच्चार आपल्या ‘ख’च्या जवळचा, पण रूढ झाले ते ‘टेक’च.

या आज्ञावलीची समज जुन्या कंपोझिटरला मान डोलवायला लावील अशी आहे. ओळ कोठे तोडायची हे ठरवताना ती एका ओळीपुरते पाहत नाही. सबंध परिच्छेद समोर घेते, प्रत्येक ओळीतला ताण आणि दाटी यांचे दोष मोजते आणि ज्या तोडणीत एकंदर दोष कमीत कमी, तीच पत्करते. दोन शब्दांमधली जागा तिच्या लेखी ओल्या डिंकासारखी आहे; ठरलेल्या मर्यादेत ताणते, ठरलेल्या मर्यादेत दबते. चांगली गृहिणी भाकरी थापताना एक कड वाढली तर दुसरीकडून सावरून घेते, तसेच हे.

आणि एवढे करून क्नूथ यांनी ती विकली नाही. जगाला देऊन टाकली. अट एकच: कोणी तिच्यात फेरफार केले तर त्याने आपल्या वस्तूला आपले नाव द्यावे, ‘टेक’ म्हणू नये. उलट जो चूक दाखवील त्याला ते पदरचे बक्षीस देत. ही रक्कम वर्षावर्षाने दुप्पट होत ३२७ डॉलर ६८ सेंटपर्यंत गेली. क्नूथ यांच्या सहीचे ते चेक वटवण्याऐवजी चौकटीत बसवून भिंतीवर लावणारे लोक निघाले. सुधारणांचे आकडेही गमतीचे. प्रत्येक आवृत्तीबरोबर ‘पाय’च्या किमतीतला एकेक अंक वाढतो, २०२१ साली तो दशांश चिन्हापुढे नऊ स्थळांपर्यंत पोहोचला. आपल्या पश्चात हा आकडा ‘पाय’च करावा आणि मग उरलेल्या चुका चुका न मानता जशाच्या तशा ठेवाव्यात, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

येथवर एका माणसाचे कौतुक झाले. पण एक माणूस विहीर खणू शकतो, पिढ्यानपिढ्या राखू शकत नाही. राखले ते वापरणाऱ्यांनी. १९८० साली त्यांनी आपला संघ काढला आणि ‘टगबोट’ नावाचे नियतकालिक सुरू केले. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीत काम करणाऱ्या बार्बरा बीटन यांनी १९८३ साली त्याचे संपादन हाती घेतले आणि पुढे कित्येक दशके चालवले. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘लाटेक’ रचून सामान्य लेखकाला ही विद्या सोपी करून दिली. फ्रान्स, जर्मनी, हॉलंड येथे आपापले संघ निघाले. १९९०नंतर सर्वांनी केलेल्या उपयुक्त रचनांचे एक सामायिक भांडार उभे राहिले. त्यात आज हजारो वस्तू आहेत, त्या कोणीही न्याव्यात. बुद्धिबळाचा पट, संगीताची लिपी, रसायनाची सूत्रे, सारे काही. आपली नोकरी सांभाळून रात्री जागणाऱ्या माणसांनी हे केले. आषाढी वारीत तंबू ठोकणाऱ्याचे आणि पाणी वाढणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही, हेही तसेच.

आता पाणी भरणाऱ्यांकडे वळू. जगातील बहुतेक गणिती आज आपला निबंध स्वतःच या आज्ञावलीत जुळवून देतात. म्हणजे लिहिणारा तोच, कंपोझिटर तोच, आणि दुसऱ्याचा निबंध तपासून देणाराही बहुधा बिनपगारी तोच. मग बडे प्रकाशक तीच पाने बांधून त्याच्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला भारी किमतीत विकतात. २००६ साली ‘टोपॉलॉजी’ या नामांकित नियतकालिकाच्या साऱ्या संपादक मंडळाने किमतीच्या प्रश्नावरून राजीनामे दिले. २०१२ साली केंब्रिजचे गणिती टिमथी गॉवर्स यांनी अशा एका प्रकाशनसंस्थेवर बहिष्कार पुकारला आणि हजारो विद्वान त्यांच्यामागे उभे राहिले. ज्यांनी सामायिक विहिरीवर पंप बसवले त्यांनी गाळ काढायला किती माणसे धाडली, हा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

पण परक्या सावकाराला शिव्या देणे सोपे असते. कारिटाचा खरा कडू थेंब पुढेच आहे.

परदेशी प्रकाशकांची शास्त्रीय पुस्तके जुळवण्याचे काम आज फार मोठ्या प्रमाणावर भारतात होते. चेन्नई, पुदुच्चेरी, तिरुवनंतपुरम येथे. या संघाचे जागतिक संमेलन २००२ साली आणि पुन्हा २०११ साली तिरुवनंतपुरमला भरले. म्हणजे जगाचे गणित आपल्या देशात सुबक जुळते. आणि आमच्या मराठी मुलाच्या हातात काय पडते? आमच्या शाळेत एकदा बाहेरून आलेल्या सराव-पत्रिकेत ‘५ चा वर्ग’ दाखवणारा वरचा लहान २ घसरून खाली आला होता. पाचाचा वर्ग बावन्न झाला. ज्या मुलांनी इमानाने बावन्न धरून गणित सोडवले, त्यांची उत्तरे चुकली. एका हुशार मुलीने मला विचारले, “सर, छापलेलं चुकीचं कसं असेल?” छापील अक्षरावरचा तो विश्वास आपण रोज थोडाथोडा मारतो आहोत, आणि त्याचे आपल्याला काहीच वाटत नाही.

आणि मराठीसाठी ही विहीर कोरडी होती असे म्हणावे, तर तेही खरे नाही. देवनागरी जुळवण्याची सोय १९९१ साली केली ती हॉलंडमधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स वेल्टहाउस यांनी. २००४ साली जॉनथन क्यू यांनी ‘झीटेक’ काढले, म्हणून जगातल्या साऱ्या लिप्यांचे आजचे टंक तिथे सरळ चालू लागले. ओळीच्या टोकाला मराठी शब्द कोठे तोडावा याचे नियम त्या भांडारात घातले ते संतोष तोट्टिंगल यांनी; ते केरळातले, मातृभाषा मल्याळम. मराठी शब्द कसा तोडावा हे मल्याळी माणसाने सांगावे आणि बारा कोटींच्या महाराष्ट्राने अभिजात भाषेचे ढोल वाजवावेत! अलीकडे आपल्यापैकीही कोणी तरुणाने मराठीसाठी खास रचना त्या भांडारात ठेवली आहे. तिचे स्वागत करणारे किती? एकटा माणूस किती पाट्या उपसणार?

मराठीची म्हणून काही नड आहे, ती परक्याने ओळखावी तरी कशी? आपला ‘ल’ आणि आपला ‘श’ हिंदीहून वेगळ्या वळणाचे. ‘दुसऱ्या’मधला रफार नव्हे तर अर्धचंद्रासारखा ‘र’ हा आपला. हे जपले ते जावजी दादाजींच्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांनी. तिथल्या कारागिरांपाशी संगणक नव्हता. डोळा होता आणि लाज होती.

यावर ठरलेली उत्तरे येतात. पहिले: “कचेरीतल्या साध्या आज्ञावलीत सगळे होते, हा द्राविडी प्राणायाम कशाला?” मुंजीच्या पत्रिकेला होते, हे मला मान्य आहे. दोन पानांच्या अर्जालाही होते. पण तीनशे पानांचे बीजगणिताचे पुस्तक, त्यातली समीकरणे, त्यांचे क्रमांक, मागच्या क्रमांकांचे उल्लेख. मध्ये एक उदाहरण वाढले की साध्या साधनात सारे हाताने पुन्हा तपासा. इथे क्रमांक आपोआप बदलतात. शिवाय मजकूर साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. वीस वर्षांनी यंत्र बदलले तरी तो वाचता येतो.

दुसरे उत्तर: “फुकट मिळते ते टिकत नाही.” चाळीस वर्षांपेक्षा अधिक टिकले आहे. या काळात पैसे मोजून घेतलेल्या किती आज्ञावल्या कालबाह्य झाल्या ते ज्याने त्याने आठवावे. मुळात ही वस्तू फुकटची नाही, सामायिक आहे. फुकट म्हणजे ज्याची किंमत कोणीच देत नाही. सामायिक म्हणजे ज्याची किंमत प्रत्येकाने आपापल्या परीने द्यायची असते. हा भेद ज्या समाजाला कळत नाही, त्याच्या गावातली तळी कचऱ्याने भरतात.

तिसरे उत्तर मात्र मला खोडता येत नाही: “हे शिकणे कठीण, आणि विचारायला गेले तर जाणते लोक अंगावर येतात.” खरे आहे. या मंडळींतही एक सोवळे आहे. नवख्याने भाबडा प्रश्न विचारला की “आधी ग्रंथ वाचा, मग या” असे सुनावणारे महाभाग तिथे आहेत. एक आकडा कंस सुटला तरी आज्ञावली असा काही दोष दाखवते की नवा माणूस घाबरून उठतो. आणि अशा वेळी शेजारी बसून “हा बघ, इथे कंस राहिला” म्हणणारा हवा असतो. विद्या सामायिक आणि ओवळ्याला मज्जाव, हा न्याय आपण गावच्या पाणवठ्यावर फार पाहिला आहे. तो संगणकाच्या पाणवठ्यावर चालू देऊ नये. सामायिकपणाचा डांगोरा पिटणाऱ्यांनी नवख्याचा पहिला प्रश्न गोड शब्दांत ऐकून घ्यावा. त्यांचा खरा कस तिथेच लागतो.

पण दुसऱ्याचे सोवळे हे आपल्या आळसाला निमित्त होऊ शकत नाही. महाराष्ट्रात गणित शिकवणारे शिक्षक किती आहेत, महाविद्यालये किती आहेत, संगणकावर पोट भरणारी पुण्यामुंबईची मुले किती आहेत! यांच्यापैकी पन्नासजणांनी मनावर घेतले तर काय होणार नाही? एकाने सुलभ मराठीत मार्गदर्शिका लिहावी. एकाने शब्दतोडीचे नियम हजार मराठी शब्दांवर पडताळून चुका कळवाव्यात. एकाने इयत्तावार प्रश्नसंग्रह जुळवून सर्वांना खुला करावा, म्हणजे आदिवासी पाड्यावरच्या शाळेलाही शहरासारखीच स्वच्छ प्रश्नपत्रिका काढता येईल. परदेशी नोकरीत असलेल्या आपल्या लेकरांनी त्या संघाचे वर्गणीदार व्हावे. याला शासनाची समिती नको, अनुदान नको, उद्घाटनाला मंत्री नको.

आपल्याकडे साहित्य संमेलनात ठराव होतात. ठरावाने विहिरीला पाणी लागत नाही. त्यासाठी कोणीतरी धोतर खोचून, दोर कमरेला बांधून खाली उतरावे लागते, आणि वरच्यांनी दोर घट्ट धरावा लागतो. हॉलंडचा माणूस उतरला, केरळचा उतरला. या दिवाळीच्या सुटीत, लाडू संपल्यावर आणि पाहुणे गेल्यावर, मराठी माणसाने निदान दोराला हात लावावा.