बुलेटची धडधड

१९५४ साली भारत सरकारने लष्करासाठी इंग्लंडहून ८०० ‘बुलेट’ मोटारसायकली मागवल्या आणि पुढील वर्षी मद्रासमध्ये त्यांच्या उत्पादनासाठी कंपनी उभी राहिली. इंग्लंडमधील उत्पादन कालांतराने बंद पडले. मद्रासची बुलेट मात्र धावतच राहिली.

तिचे प्रत्येक नवे रूप चाहत्यांना खटकत आले आहे. गिअर उजव्या पायाकडून डावीकडे गेला, बिडाचे इंजिन जाऊन अ‍ॅल्युमिनियमचे आले, तेव्हाही ‘ही खरी बुलेट नव्हे’ असेच उद्गार निघाले. २०२१ ची ‘क्लासिक’ आणि २०२३ ची ‘बुलेट’ यांत पुन्हा नवे इंजिन आले. कंप घटला, किक गेली. आता म्हणे धडधडीत जीव राहिला नाही!

ही तक्रार मला अर्धीच पटते. हात बधिर करणारा कंप आणि अ‍ॅमिटरचा काटा पाहून मारायची ती किक यांत आठवणीइतके सुख नव्हते. सायलेन्सर बदलून शेजाऱ्यांची झोप मोडणे याला तर रसिकता म्हणवत नाही. धुराचे नियम कडक होत गेले, तसे इंजिन बदलणे भागच होते.

परंतु एक दुःख खरे आहे. जुन्या बुलेटचा बिघाड रस्त्याकडेचा मिस्त्री नुसत्या कानाने ओळखी आणि दोन पान्यांनी पॉइंट, टॅपेट जुळवून देई. नव्या गाडीचे इंधन इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोजून सोडते. तिचा दोष शोधण्यास वेगळे उपकरण लागते, ते बहुधा त्याच्यापाशी नसते. आवाजासाठी हळहळणाऱ्यांनी त्याच्यासाठीही आग्रह धरावा; हे उपकरण आणि त्याचे शिक्षण अशा मिस्त्र्यांना वाजवी दरात मिळाले पाहिजे.